न्यायला आलं की सांगते

यंदाच्या एप्रिलात माझ्या भावानं, दत्तानं, आमच्या रामनगरच्या घरामागं जाळीची शेगडी मांडली. ऑनलाइन मागवलेली, चाकांची, वर झाकण असलेली. कोळसे पेटेनात म्हणून आधी रॉकेलचा बोळा झाला, मग पुठ्ठ्यानं वारा घालून झाला, शेवटी वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर आणून लावला. निम्मी आळी धुरानं खोकली. कोंबडीचे तुकडे वरून काळे ठिक्कर आणि आतून कच्चे, तरी सगळे "झकास झालंय" म्हणत चघळत होते. मी एक तुकडा बशीत घेऊन तशीच बसून राहिले. मला भरमाक्का आठवली होती. ती तिथं असती तर तिनं दत्ताच्या हातातला ड्रायर काढून घेतला असता आणि विचारलं असतं, "जेवान करायलालास का घर पेटवायलालास?"

जोयड्याहून अणशीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी काही वर्षं सरकारी उपकेंद्रात नर्स होते. राहायला खोली मिळाली ती परशरामच्या घरामागं. परशराम म्हणजे भरमाक्काचा धाकटा दीर. थोरला भाऊ, म्हणजे भरमाक्काचा नवरा, वारल्यावर परशरामनं घराला चार खोल्या जोडल्या आणि होमस्टे सुरू केला. हुबळी, बेळगाव, बेंगळूर, गोवा, सगळीकडची माणसं उन्हाळ्यात जंगल बघायला येत. वाघ काही त्यांना दिसत नसे. मग संध्याकाळी अंगणात बसून खाणं हाच काय तो कार्यक्रम उरायचा, आणि तो सगळा भरमाक्काच्या जिवावर चालायचा.

डांबराचं एक जुनं पिंप उभं चिरून, त्याला चार पाय जोडून आणि वर जाळी टाकून वेल्डरकडून करून आणलेलं होतं. पाव्हणे त्याला बार्बेक्यू म्हणत, परशरामच्या पाटीवरही तेच लिहिलेलं. भरमाक्का पिंपच म्हणायची. करवंट्या जाळून ती निखारा करायची. लाकडाच्या जाळावर भाजणं तिला मंजूर नव्हतं. आमसुलाचं आगळ, आलं, लसूण आणि चिमूटभर तिरफळ लावून कोंबडी सकाळपासून मुरत ठेवलेली असे. कच्च्या फणसाच्या फोडी त्याच मसाल्यात घोळून ती न खाणाऱ्यांसाठी कडेला लावायची, आणि खरं सांगते, खाणारे पाव्हणेसुद्धा त्या फोडींवरच तुटून पडायचे. केळीचं सोपट ठेचून केलेल्या कुंच्यानं तेल लावत, सुपानं वारा घालत ती तासन् तास उभी असायची. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. धुरानं डोळे कायमचे लालसर, आवाज घोगरा. कमरेला पोत्याचं फडकं, त्याला तिनंच शिवलेले दोन खिसे, एकात मीठ आणि दुसऱ्यात आगपेटी.

आमच्याकडं उन्हाळ्यात जंगल म्हणजे नुसता पाचोळा. एक ठिणगी उडाली तर डोंगर हातातून जायचा. फॉरेस्टच्या गार्डनं परशरामला बजावून ठेवलं होतं की पिंप पेटलेलं असताना जवळचं माणूस हललं तर पिंप उचलून नेईन. त्यामुळं भरमाक्का रोज दुपारी पिंपाभोवतीचा पाचोळा झाडून गोल खळं करायची, कडेला पाण्याची घागर ठेवायची, आणि एकदा निखारा धरला की शेवटचा कोळसा विझेपर्यंत त्या खळ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. पाणी लागलं तर हाक मारायची. एकदा तिचा तळवा चांगलाच भाजला. मी म्हटलं, खोलीवर चल, मलम लावते. ती म्हणाली, "मलम हिकडं आन." मी खळ्यात उभी राहून तिच्या डाव्या हाताला पट्टी बांधत होते आणि उजव्या हातानं ती फोडी उलटत होती. मी चिडून म्हटलं, "अक्का, तुला काय इथं बांधून घातलंय का?" ती हसली आणि म्हणाली, "न्यायला आलं की सांगते."

हे तिचं पालुपद होतं. कशालाही हेच उत्तर. डोळे दाखवायला जोयड्याला येतेस का? न्यायला आलं की सांगते. नवी चप्पल घेतेस का? न्यायला आलं की सांगते. पहिल्या वर्षी मला वाटलं ही मरणाबद्दल बोलते. म्हटलं, असं अभद्र बोलू नये. तर ती पोट धरून हसली. "मराण कशाला न्यायला येतंय गे शिस्टर? त्याला माजा पत्ता बी ठाव नसंल. म्हायेरचं म्हनते मी."

तिचं माहेर खानापूरच्या पलीकडं, मलप्रभेच्या काठाला. आई-बाप गेलेले, धाकटा भाऊ होता, नागाप्पा. ती त्याला तम्मा म्हणायची. धाकट्या भावाला कानडीतला हा शब्द आमच्या मराठी घरांतही चालतो. तिच्या नवऱ्याचं दिवसकार्य झालं तेव्हा तम्मा न्यायला म्हणून बसून राहिला होता. पण सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून हिनंच सांगितलं, "औंदा न्हाई जमायचं, फुडल्या उन्हाळ्यात ये." दुखवट्याची म्हणून आणलेली निळी इरकल साडी ठेवून तो परत गेला. पुढच्या उन्हाळ्यात सासू होतीच. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सासू गेली आणि पिंप आलं.

लेकीला माहेरी न्यायला माणूस यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. भरमाक्काला मुराळी हवा होता. आणि आमच्याकडं माहेरपण चैत्र-वैशाखातलं. भातं निघालेली असतात, काजू-फणस आलेले असतात, लेकी चार दिवस आईकडं जाऊन येतात. नेमके तेच दिवस होमस्टेच्या हंगामाचे. बाकीचं वर्षभर भरमाक्काला कुणी अडवलं नसतं, पण पावसाळ्यात आमच्या रस्त्यांवर कोण कुणाला न्यायला येतो?

शिमगा झाला की ती इरकल साडी उन्हात टाकायची, घडी घालून कापडी पिशवीत ठेवायची, सोबत एक फणी, एक पंचा, आणि पिशवी दाराआडच्या खुंटीला अडकवायची. मृगाचा पाऊस पडला की पिशवी उतरवून साडी पुन्हा ट्रंकेत जायची. मधले दोन-अडीच महिने ती पिशवी खुंटीवर आणि भरमाक्का पिंपापाशी. मला त्या पिशवीचा राग यायचा. रोज जाता-येता दिसायची.

एकदा मी विचारलं, माहेरी जाऊन करणार काय? तिला उत्तर शोधावं लागलं नाही. "काय न्हाई. बसनार. कुनी तरी पाट मांडून गरम भाकरी वाडनार आनि मी बसून खानार. तव्यावरची ताटात, तव्यावरची ताटात. आनि उठून हात धुनार." साऱ्या मुलखाला गरम गरम खायला घालणारी ही बाई स्वतः सगळं आटोपल्यावर गार भात खायची. निखाऱ्यापुढं तासन् तास उभं राहिल्यावर भाजलेल्याचा वाससुद्धा नको वाटतो, असं म्हणायची.

परशरामला मी एकदा स्पष्टच विचारलं की वहिनीला चार दिवस का सोडत नाही. तो दुखावला. "आमी कुटं आडीवलंय, शिस्टर? न्यायला कोन येऊ दे, मी सोता रामनगरपातूर सोडतो वैनीला." आणि तो खरंच बोलत होता. वहिनीला कधी अरेतुरे केलं नाही त्यानं, सणावाराला आधी तिच्या हातात साडी द्यायचा. परशराम वाईट असता तर बरं झालं असतं, निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं. तो फक्त कुणी न्यायला येत नाही एवढ्यावर निर्धास्त होता.

त्याची बायको लता. तिचा भाऊ दर चैत्रात गाडी घेऊन यायचा. मुराळी घरी आला की त्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि त्याचं जेवण कोण करणार? भरमाक्का. त्या दिवशी ती पिंप दुपारीच पेटवायची. लताच्या भावाला पहिल्या वाफेचा तुकडा, मोठ्यातला मोठा. लताची शिदोरीही हीच बांधायची, फणसाच्या फोडी केळीच्या पानात गुंडाळून. लता निघताना दरवर्षी गळ्यात पडून म्हणायची, "अक्का, फुडल्या खेपेला तुमीच आदी जावा, मग मी." दोघींनाही हे खरं वाटायचं. गाडी गेली की भरमाक्का बराच वेळ सुपानं वारा घालत राहायची, निखारा पुरेसा फुललेला असला तरी.

पाव्हण्यांची तिची स्वतःची वर्गवारी होती. आधी फोटो काढून मग गार झालेलं खाणारे ते शिळंखाऊ. पिंपाजवळ येऊन "अजून किती वेळ" विचारणारे ती रेल्वेची मंदी, कानडीत मंदी म्हणजे माणसं. आणि निमूट बसून, बोटं चाटून "आजी, अजून हाय काय?" म्हणणारे तेवढे तिचे. अशांसाठी जाळीच्या कोपऱ्यावर एखादा तुकडा दडवलेला असायचा. एकदा एका बाईनं तिला विचारलं, "तुम्ही सुट्टीत कुठं जाता?" भरमाक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "सांग की गे हिला." मी काय सांगणार? मी म्हटलं, माहेरी. भरमाक्का खूश झाली. त्या बाईला कोपऱ्यावरचा तुकडा मिळाला.

भावाचा फोन यायचा, नाही असं नाही. एकदा तिचे हात मसाल्यात होते म्हणून फोन मीच तिच्या कानापाशी धरला होता, आवाज मोठा करून.

"तम्मा, कवा यायलालास?"

"आक्का, सकाळची बस हाय की. रामनगरात उतर, तितनं खानापूरची धर. जेवायच्या वक्ताला घरात आसतीस."

"बस मला बी दिसती. दारातनंच जाती रोज."

"मग बस की तिच्यात."

"मी बशीत बसले तर मी आले म्हनतील. तू आलास तर मला आनली म्हनतील."

पलीकडं तो वैतागला. "आता ही कुटली गे जुनी रीत काडलीस? तू काय नवी नवरी हाईस?"

"जुनी कशी? लताचा भाऊ औंदा बी येऊन गेला."

यावर तम्मा म्हणाला, "बरं. ऐतवारी येतो."

त्या रविवारी भरमाक्कानं पहाटे न्हाऊन घेतलं. इरकल नेसली. निळा रंग तिला इतका शोभेल असं मला वाटलं नव्हतं. पिशवी मांडीवर घेऊन ती पुढच्या कट्ट्यावर बसली. सकाळची बस आली आणि गेली. दुपारची आली आणि गेली. तिनं जेवण नको म्हटलं, भाऊ आल्यावर बसू म्हणाली. खळं झाडलं गेलं नव्हतं, कोंबडी मुरवलेली नव्हती. परशराम दोनदा तिच्यासमोरून गेला, पण एका शब्दानं बोलला नाही. उन्हं उतरली तशी पाव्हण्यांची गाडी आली. मग परशराम स्वतःच झाडू घेऊन खळं झाडायला लागला, घाईघाईनं मसाला लावला आणि करवंट्या पेटवल्या. त्याला ते काय जमणार? धूर, धूर आणि धूर. कोंबडी जाळीला चिकटली. पाव्हणे नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

भरमाक्का कट्ट्यावरून बघत होती. मी तिच्या शेजारीच होते. मी मनात म्हणत होते, उठू नको, आज उठू नको. ती पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरून बसली होती. तेवढ्यात परशरामनं कच्चा तुकडाच ताटात काढला. तिला ते बघवलं नाही. पिशवी माझ्या मांडीवर टाकून ती तरातरा गेली, पदर खोचला, त्याच्या हातातलं सूप घेतलं आणि म्हणाली, "सरा बाजूला, भावजी." थोड्याच वेळात पाव्हणे बोटं चाटत होते. एक ठिणगी उडाली आणि इरकलच्या निऱ्यांवर बसली. हरभऱ्याएवढं भोक पडलं. तिनं चिमटीनं ती ठिणगी विझवली आणि वर बघितलंसुद्धा नाही. तम्माचा फोन दुसऱ्या दिवशी आला. म्हैस व्यायला झाली होती म्हणे.

त्यानंतर मीच म्हटलं, अक्का, चल, मी नेते तुला. माझी स्कूटर आहे, रामनगरपर्यंत जाऊ, पुढं बस. तिनं माझा गाल चिमटीत धरला आणि म्हणाली, "तू मायेनं म्हनतीस. पर तू कोन गे माज्या म्हायेरची?" मला वाईट वाटलं, आणि ती चुकीची होती असंही मला म्हणता आलं नाही.

साडीचं भोक तिनं आतून ठिगळ लावून शिवलं. पुढच्या शिमग्यात पिशवी पुन्हा खुंटीवर आली.

आणि त्याच वैशाखात तम्मा आला. फोन न करता, दुपारच्या बसनं. मी उपकेंद्रातून येत होते तर भरमाक्का घराच्या दारातून मला हाका मारत होती. "शिस्टर! शिस्टर, ये की हिकडं, बग!" ओसरीवर एक डोकं पिकलेला, सडपातळ माणूस टोपी मांडीवर ठेवून बसला होता. त्यानं कुंदा मिठाईचा पुडा आणला होता, आणि घरच्या फणसाचे गरे पिशवीत. भरमाक्का त्याच्याकडं बघत होती आणि माझ्याकडं बघत होती. तिला काय करावं ते सुचत नव्हतं. पाणी दिलेलं होतं तरी पुन्हा पाणी आणलं. मग आत गेली आणि खुंटीवरची पिशवी काढून आणून त्याच्या शेजारी ठेवली. मला रडूच आलं. मी ते लपवलंही नाही.

परशरामचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. एवढी वर्षं "न्यायला येऊ दे" म्हणणाऱ्यावर ती वेळ आली होती. पण शब्दाला तो जागला. म्हणाला, "जावा वैनी, खुशाल जावा. फकस्त आज पाव्हनं लवकर येनार हाईत, लई जन हाईत, तेवडं आटपा. सकाळी मी सोता सोडतो दोगास्नी." भरमाक्का लगेच तयार झाली. तिलाही भावाला आपल्या हातचं घालायचं होतं. मुराळ्याला जेवू घातल्याशिवाय निघायचं कसं?

उन्हं असतानाच पिंप पेटलं. खळ्याच्या कडेला बाकडं टाकून तम्माला बसवलं. पहिल्या वाफेचा मोठा तुकडा त्या दिवशी तिच्या स्वतःच्या भावाला मिळाला. तिचा हात इतका हलका मी कधी बघितला नव्हता. वारा घालता घालता विचारत होती, आपल्या दारातला फणस अजून तसाच धरतो काय, नदीला पाणी किती हाय, तुझी बायको भाकरी थापते का लाटते. तम्मा खात होता. पहिला तुकडा संपवून त्यानं डोळे मिटले आणि मान हलवली. मग खिशातून मोबाइल काढला आणि पिंपाचा, तिच्या हातांचा व्हिडिओ घ्यायला लागला. ती लाजली. "माजा कशाला काडतोस रं?"

"दावायला पाहिजे घरात. तुजा येक व्हिडिओ आलावता आमच्याकडं, कुना पाव्हन्यानं काडलेला. सगळ्या गावानं बगितला." तो पुढं झुकला. "आक्का, ह्याला मुरवाय किती वेळ ठेवतीस?"

"सकाळधरनं."

"आनि करवंट्याच लागत्यात? कोळसा चालत न्हाई?"

ती सांगत गेली. आगळ किती, तिरफळ कधी घालायचं. तो प्रत्येक गोष्ट पुन्हा विचारून घेत होता. मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकत होते. भरमाक्काचा हात थांबला नव्हता. पण बोलणं थांबलं. तिनं दोन फोडी उलटल्या, तेल लावलं, आणि त्याच्याकडं न बघता विचारलं, "पिंप केलंस काय रं?"

तम्माला आनंद झाला. बहिणीनं आपण होऊन विषय काढला असं त्याला वाटलं. "केलंय की! ह्याच्या दुप्पट हाय. थोरला पोरगा हायवेला हाटेल घालायलाय, आक्का. जागा बी झाली, शेड बी झालं. तुजा हात लागला तर लायनी लागतील बग."

"म्हनून आलास."

"तसं न्हवं गे." आता त्याच्या ध्यानात आलं. तो चुळबुळला. "राबायला न्हाई तुला न्हेत. नुस्तं हुबं ऱ्हायचं, पोरास्नी दावायचं. आनि घर तुजंच हाय की. कायमची ये."

पाव्हण्यांची ताटं येत होती, ती वाढत होती. मला वाटलं ती ओरडेल, रडेल, सूप फेकून देईल. ती नुसतीच भाजत होती. तम्मा टोपी घालत होता आणि काढत होता. वाईट माणूस तोही नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो बहिणीला घरी न्यायला आला आहे.

ताटांची गर्दी सरल्यावर तिनं केळीचं पान घेतलं, त्यात फणसाच्या फोडी आणि कोंबडी गुंडाळली, सुतळीनं बांधली. लताची शिदोरी बांधायची तशीच. ती तम्माच्या हातात देऊन म्हणाली, "शेवटची बस येतीया. जा तू. पोरास्नी दे हे."

"आनि तू?"

"मी न्हाई येत."

"आक्का, आगं तूच म्हनतीयास न्यायला ये, न्यायला ये..."

"आलास की. तुजं काम झालं."

तो माझ्याकडं बघायला लागला, परशरामकडं बघायला लागला. शेवटी उठला. ती त्याच्याबरोबर खळ्याच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. पिंपात निखारा होता, पुढं जाणं तिला शक्य नव्हतं. त्याला स्टँडपर्यंत मीच सोडायला गेले. वाटेत तो एकदाच बोलला, "काय चुकलं वं माजं?" मला त्याची दयाही आली आणि त्याला एक ठेवून द्यावी असंही वाटलं.

परत आले तर पाव्हणे आपापल्या खोल्यांकडं गेले होते आणि ती कोळशांवर पाणी शिंपडत होती. मी म्हटलं, "अक्का, गेली असतीस तर निदान इथून सुटली असतीस."

"सुटून कुटं गेले असते? तितल्या पिंपाफुडं?" ती वाफेतून म्हणाली. "हितं राबते तवर माजं म्हायेर हाय. कुनी इचारलं तर सांगता येतंय. तितं जाऊन पिंपाफुडं हुबी ऱ्हायले, की त्ये बी सासरच. मग मी कुटलं सांगू?" एवढं बोलून तिनं घागर उपडी केली आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बघितलं तर ती खळं झाडत होती आणि अंगावर निळी इरकल होती. वर पोत्याचं फडकं. मला धक्काच बसला. म्हटलं, "अगं, ही धुरात कशाला काढलीस? जपून ठेवलेली ना?" ती झाडतच राहिली. "न्यायला येनारा येऊन गेला. आता कुनासाटी ठेवू?" त्या दिवसापासून ती साडी रोजची झाली. आठवडाभरात तिच्यावर आणखी भोकं पडली, त्यांना तिनं ठिगळं लावली नाहीत. खुंटी रिकामी होती. आणि "न्यायला आलं की सांगते" हे मला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मी मुद्दाम एकदा विचारलं, डोळे दाखवायला जोयड्याला येतेस का? ती सरळ "चल" म्हणाली आणि माझ्या स्कूटरवर मागं बसली.

पुढच्या वर्षी मृगाच्या तोंडावर माझी बदली रामनगरला झाली. सामान न्यायला दत्ता टेंपो घेऊन आला. परशरामकडं हंगामातले शेवटचे पाव्हणे होते, पिंप पेटलेलं होतं. भरमाक्कानं मला लांबूनच विचारलं, "न्यायला कोन आलंय गे तुला?"

"माझा भाऊ," मी म्हटलं. ते म्हणताना मला अपराध्यासारखं झालं.

"बोलाव त्याला."

तिनं दत्ताला त्याच बाकड्यावर बसवलं, आपादमस्तक न्याहाळलं आणि जाळीच्या कोपऱ्यावरचा तुकडा त्याच्या हातात दिला. दत्तानं निमूट खाल्लं, बोटं चाटली आणि "अक्का, अजून हाय काय?" विचारलं. झालं, तो तिचा झाला. भरमाक्काबद्दल मी पूर्वी सांगितलेलं खाताना त्याला आठवलं असावं. हात धुऊन झाल्यावर तो म्हणाला, "अक्का, तुम्ही पण चला आमच्याकडं चार दिवस. मी न्यायला आलोय असंच समजा. काही करायचं नाही. बसून खायचं."

दत्ता तसा उडाणटप्पू, पण त्या दिवशी तो मनापासून बोलला. भरमाक्काच्या हातातलं सूप थांबलं. तिनं त्याच्याकडं इतका वेळ बघितलं की तोच गोंधळला. मग तिनं टेंपोकडं बघितलं, घराकडं बघितलं. शेवटी खाली जाळीकडं नजर गेली. करवंट्या लालभडक फुलल्या होत्या, त्यांच्यावर कुणाकुणाचे तुकडे होते.

"पिंप पेटलंय रं बाबा," ती म्हणाली.

दत्तानं पुन्हा आग्रह केला नाही. मी तिच्या पाया पडले. तिनं मसाल्याचा हात लागू नये म्हणून कोपरानंच माझ्या पाठीवर थोपटलं. मग दत्ताला म्हणाली, "हिला पैल्या दिशी चुलीफुडं जाऊ देऊ नगो. पाट मांडून बसीव, आनि गरम वाड."

टेंपो वळला तेव्हा मी मागं बघितलं. ठिकठिकाणी जळालेल्या त्या निळ्या साडीत ती खळ्याच्या कडेपर्यंत आली होती. झाडलेली माती संपून पाचोळा सुरू होतो तिथं पाय जोडून उभी राहिली. एक हात वर केला, त्यात सूप होतं. मग पिंपावर काहीतरी करपायला लागलं असावं, कारण ती घाईघाईनं मागं वळली.